दर ठरतो पुण्यात, उचल ठरते ओसरीवर

ऊसतोड मजूर आणि मुकादम यांच्यात सौदा नेमका कशाचा होतो? टनामागे जाहीर झालेला दर मजुराच्या हाती पडेपर्यंत त्याचे काय होते? या व्यवहाराच्या हिशेबाची मांडणी.

रोहिणखेड (जि. बुलडाणा) : ऊस तोडण्याचा दर टनाला किती असावा, याची बोलणी पुण्यात होतात. तेथे साखर कारखान्यांचा संघ असतो, मजुरांच्या संघटना असतात, मध्यस्थ म्हणून राज्यातील वजनदार नेते असतात आणि निर्णयाची बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येते. मजुराचा खरा सौदा मात्र त्याआधी, भर पावसाळ्यात, त्याच्या स्वतःच्या ओसरीवर उरकलेला असतो. तेथे समोर एकटा मुकादम असतो आणि बोलणी दराची होत नाहीत, ती उचलीची होतात. या दोन बैठकांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. ऊसतोडीच्या धंद्यातील बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते.

मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे बुलडाणा जिल्ह्याच्या भाषेत 'घाटाखालचे' गाव. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव १४३७ आणि १५९० मधील दोन लढायांसाठी येते. खानदेश, वऱ्हाड आणि दख्खन यांना जोडणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी ते वसले असल्याने सैन्यांची गाठ येथे पडली. आज या पट्ट्याची ओळख आहे ती पावसावर अवलंबून असलेल्या कापूस, सोयाबीन आणि मक्याच्या शेतीची. खरीप हातून गेला, की वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचा प्रश्न उभा राहतो. बुलडाणा जिल्ह्यातून मजूर वीटभट्टीवर जातात, तसेच ऊसतोडीलाही जातात. बीड, पाथर्डी, आष्टी या भागांत ऊसतोड मजुरांची संख्या मोठी असल्याने तेथे संघटनांचे जाळे आहे आणि दराची चर्चा घरोघरी पोहोचते. मजूर जेथे थोडे आणि विखुरलेले आहेत, तेथे मात्र कारखाना, दर, अंतर आणि हिशेब या सर्वांची माहिती देणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे मुकादम. सौद्यातील एका पक्षाने दुसऱ्या पक्षाकडूनच भाव जाणून घ्यावा, अशी ही अवस्था असते.

साखळीतील कड्या

साखर कारखाना सहसा मजुरांशी थेट करार करीत नाही. तो करार करतो वाहतूक ठेकेदाराशी किंवा ट्रक-ट्रॅक्टरच्या मालकाशी. ठेकेदार मुकादमाला गाठतो आणि मुकादम टोळी जमवतो. टोळीचे माप 'कोयता'. कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. उचल कोयत्यामागे दिली जाते, काम कोयत्यामागे मोजले जाते आणि हिशेबाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचेच लिहिले जाते.

कामाचे प्रकारही दोन-तीन आहेत आणि दर त्यांवर अवलंबून असतो. 'डोकी सेंटर'मध्ये मजूर ऊस तोडतात, मोळ्या बांधतात आणि त्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरतात. 'टायर सेंटर'मध्ये बैलजोडी मजुराची असते, टायरची गाडी कारखान्याची असते आणि ऊस कारखान्यापर्यंत पोहोचवण्याचे काम मजुराकडेच येते. तेथे तोडणीखेरीज अंतराप्रमाणे वाहतुकीचा दर जोडला जातो. त्यामुळे 'दर किती?' असे नुसते विचारून भागत नाही. कोणत्या सेंटरचा, किती अंतराचा आणि भरणीसह की भरणीवेगळा, हे विचारावे लागते.

कारखान्याकडून निघालेला पैसा याच कड्यांतून खाली येतो. कारखान्याने किंवा बँकेने ठेकेदाराला हंगामाआधी अग्रिम द्यायचा, ठेकेदाराने मुकादमाला आणि मुकादमाने मजुराला, असा हा क्रम. प्रत्येक पायरीवर लिखापढी असते. नोटरी केलेले कागद असतात, कोरे धनादेश असतात. शेवटच्या पायरीवर, म्हणजे मुकादम आणि मजूर यांच्यात, कागद असलाच तर तो घेतलेल्या पैशांचा असतो. मिळणाऱ्या दराचा कागद तेथे सहसा नसतो.

पुण्यातील करार

तोडणीचा दर संघटना आणि राज्य सहकारी साखर कारखाना संघ यांच्यातील कराराने ठरतो. तडजोडीसाठी लवाद नेमण्याची प्रथा जुनी आहे. मजुरांच्या बाजूने दीर्घकाळ गोपीनाथ मुंडे यांचे नाव राहिले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ही जबाबदारी पंकजा मुंडे यांच्याकडे आली. शरद पवार आणि जयंत पाटील हीही या बोलण्यांतील नेहमीची नावे.

ऑक्टोबर २०२० मध्ये मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या बैठकीत सरासरी १४ टक्के वाढ मान्य झाली. त्या कराराची मुदत तीन वर्षांची होती. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली आणि टनाचा मूळ दर सुमारे २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. हा करारही तीन हंगामांचा, म्हणजे २०२३-२४ पासून २०२५-२६ पर्यंतचा होता.

तारखा नीट पाहाव्यात. २०२३-२४ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. करार झाला जानेवारीत. म्हणजे मजुरांनी पावसाळ्यात उचल घेतली, दिवाळीच्या आसपास गाव सोडले, फडात खोपी घातल्या आणि दोन महिने ऊस तोडला, तेव्हा आपण कोणत्या दराने तोडत आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. २०२० मध्येही दर ठरला तो हंगाम तोंडावर आल्यावर, ऑक्टोबर संपत असताना. दर ठरण्याआधी त्याच दराच्या भरवशावर कर्ज काढण्याची वेळ इतर कोणत्याही धंद्यात क्वचितच येत असेल.

एका कोयत्याचा हिशेब

वाढीचा अर्थ समजण्यासाठी एक मानीव उदाहरण घेऊ. एक जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते आणि हंगामात १२० दिवस काम मिळते, असे धरले तर एकूण तोड २४० टन होते. जुन्या २७३ रुपये दराने तिची मजुरी ६५,५२० रुपये होत होती. ३६६ रुपये दराने ती ८७,८४० रुपये होते. फरक २२,३२० रुपयांचा. वरच्या टेबलावरील बोलणी किती मोलाची असतात, हे या एका आकड्यावरून कळते.

आता हाच हिशेब उचलीच्या बाजूने पाहू. या जोडीने पावसाळ्यात एक लाख रुपये उचल घेतली असेल, तर वाढीव दरानेही हंगाम संपताना तिच्या अंगावर १२,१६० रुपये बाकी राहते. उतारवयातील जोडी, आजारपण किंवा पडलेला ऊस यांमुळे सरासरी दीड टनावर आली, तर एकूण तोड १८० टन, मजुरी ६५,८८० रुपये आणि बाकी ३४,१२० रुपये होते. काम रोज दोन टनच झाले, पण हंगाम १२० ऐवजी ९० दिवसांत आटोपला, तरीही आकडा नेमका हाच येतो. ही भीती कल्पनेतली नाही. २०२४-२५ चा हंगाम नेहमीपेक्षा लवकर आटोपला आणि राज्याचे साखर उत्पादन आधीच्या हंगामातील सुमारे ११० लाख टनांवरून ८१ लाख टनांच्या आसपास आले. ऊस कमी झाला, की फडातील दिवस कमी होतात. उचल मात्र कमी होत नाही.

दिवसाच्या रोजंदारीत हिशेब मांडला, तर दोन टन तोडणाऱ्या जोडीला दिवसाला ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६ रुपये पडतात. दीड टनाला हाच आकडा माणशी २७४ रुपये ५० पैसे होतो. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दिवसाचा दर २९७ रुपये होता. पहाटेच्या अंधारात सुरू होणारे आणि गाडी भरेपर्यंत, कधी रात्री उशिरापर्यंत चालणारे काम करून मजूर रोजगार हमीच्या दरालाही पोहोचेलच, याची खात्री नाही. तरीही तो जातो, कारण रोजगार हमी आगाऊ रक्कम देत नाही.

मुकादमाच्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. टनाला ३६६ रुपयांवर २० टक्के म्हणजे ७३ रुपये २० पैसे कमिशन होते. याआधी २७३ रुपयांवर १९ टक्के म्हणजे ५१ रुपये ८७ पैसे होत होते. मजुराची वाढ ३४ टक्के, तर टनामागे मुकादमाची वाढ ४१ टक्के झाली. दहा कोयत्यांच्या टोळीने वरील उदाहरणाप्रमाणे २,४०० टन ऊस तोडला, तर कमिशन १,७५,६८० रुपये होते. कमिशन टक्क्यांत असल्याने मजुराच्या दराची प्रत्येक वाढ मुकादमाला आपोआप मिळते; त्यासाठी त्याला वेगळे भांडावे लागत नाही. मात्र त्याचे उत्पन्न टोळीच्या एकूण तोडीवर ठरते. एका कोयत्याला हंगामाअखेर किती उरले, याच्याशी त्या उत्पन्नाचा संबंध नसतो.

ओसरीवरचा सौदा

दर करारात बांधलेला असल्याने मजूर मुकादमाशी दरावर बोलूच शकत नाही, असा समज आहे. मग त्याच्या हाती सौद्यासाठी उरते ती एकच गोष्ट, उचल. मजुरांची टंचाई असेल त्या वर्षी उचल चढते. गेल्या काही वर्षांत एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात आणि त्याहून वर गेल्याचे दिसते. 'यंदा मुकादमाला वाकवले' असे समाधान मजुराला त्यात मिळते. वस्तुतः वाढलेली उचल म्हणजे वाढलेला मोबदला नव्हे. ती त्याच मजुरीतून कापून घेतली जाणारी रक्कम असते. उचल वाढली आणि टनाचा दर तसाच राहिला, तर वाढतात ते फेडीचे दिवस.

उचलीची वेळही लक्षात घेण्यासारखी आहे. जून ते सप्टेंबर हे कोरडवाहू गावातील सर्वांत तंगीचे महिने. बियाणे, खते, शाळेचा खर्च, दवाखाना आणि एखादे लग्नाचे जुने देणे यांची तोंडे एकाच वेळी उघडतात. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण येथे क्रूर वाटते, पण व्यवहार तिच्याच आधाराने चालतो. पैसे घेण्यापूर्वी मजुराच्या शब्दाला जे वजन असते, ते पैसे घेतल्यावर उरत नाही. मजूर नाही म्हणू शकतो, असा वर्षातील काळ हाच. आणि नाही म्हणणे त्याला सर्वांत जड जाते, असा काळही हाच.

म्हणूनच सौद्यातील न बोललेल्या बाबी अधिक महत्त्वाच्या ठरतात. बाकी राहिलेल्या रकमेवर व्याज लागणार का? लागले तर किती? गावी परतण्याचे भाडे कोणाचे? कारखाना बंद पडला किंवा गाडी आली नाही, तर त्या दिवसांचे काय? वाढे कोणाचे? उसाचे हे हिरवे शेंडे चारा म्हणून विकून अनेक मजूर रोजच्या तेल-मिठाचा खर्च भागवतात. त्यावर हक्क कोणाचा, हेही आधीच ठरलेले बरे असते. यांपैकी प्रत्येक बाब पैशांतच मोजली जाते. पुण्याच्या करारात त्यांतील बऱ्याच बाबींना जागा नसते आणि ओसरीवर त्या काढण्याची हिंमत कोणी करत नाही.

खाड्याची किंमत

याच न बोललेल्या बाबींतील सर्वांत महाग बाब म्हणजे 'खाडा'. जोडीतील एकजण कामावर आला नाही, तरी पूर्ण कोयत्याचा खाडा धरला जातो आणि अनेक टोळ्यांत त्याबद्दल दंड आकारला जातो. दंड दिवसाला ५०० रुपये धरला आणि वरच्या उदाहरणातील ७३२ रुपयांची बुडालेली मजुरी त्यात मिळवली, तर एका दिवसाचे आजारपण जोडीला १,२३२ रुपयांना पडते.

या आकड्याचा परिणाम बायकांच्या शरीरावर कसा होतो, हे २०१९ मध्ये राज्याला कळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या शस्त्रक्रियांमागे वैद्यकीय व्यवसायातील दोष होते, अज्ञान होते, गरिबी होती. पण पाळीच्या दिवसांतही काम चुकवणे परवडत नाही, हे कारणही बायकांनी सांगितले. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. दराच्या बोलण्यांत खाड्याचा विषय का यावा, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मुकादमही मध्येच अडकलेला

मुकादम हा या गोष्टीतील खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते पूर्ण चित्र नाही. अनेक मुकादम पूर्वी स्वतः कोयता चालवणारे असतात. ठेकेदाराकडून घेतलेल्या अग्रिमाला ते स्वतः जबाबदार असतात. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच कारखान्यावर जाणारे, हंगामाच्या मध्यात रात्रीतून टोळी सोडणारे मजूरही असतात आणि त्यांची बाकी मुकादमाच्या डोक्यावर बसते. एक लाखाची उचल घेतलेले दोन कोयते पळाले, तर वरील उदाहरणातील संपूर्ण हंगामाच्या कमिशनवर पाणी पडते, उलट पदरचे घालावे लागतात. ठेकेदारांच्याही मुकादमांकडून झालेल्या फसवणुकीच्या पोलिसांत तक्रारी असतात.

मजुराला धरून ठेवणे, बायका-मुलांना अडकवणे, जनावरे ओढून नेणे असे प्रकार घडतात, त्यांना माफी नाही. मात्र ते का घडतात, याचे उत्तर व्यवस्थेत आहे. मजुरीचा पैसा कामानंतर देण्याऐवजी कामाआधी कर्ज म्हणून दिला, की देणारा सावकार होतो आणि घेणारा कर्जदार. मग मालक-मजूर या नात्याचे कायदे बाजूला राहतात आणि वसुलीचे नियम सुरू होतात.

वाढीचे ओझे कोणावर?

शहरातील वाचकाला वाटेल, की दरवाढीचे पैसे कारखाना देतो. प्रत्यक्षात उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, कारखान्याच्या दारातील उसासाठी असतो. २०२५-२६ साठी केंद्राने तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जाते. जानेवारी २०२४ च्या तडजोडीने मजुराचे ९३ रुपये आणि मुकादमाचे २१ रुपये ३३ पैसे मिळून टनाला ११४ रुपये ३३ पैसे वाढले. एकरी ५० टन ऊस धरला, तर हा बोजा एकरी सुमारे ५,७०० रुपयांचा होतो.

म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर मजूर आणि कारखाना समोरासमोर बसलेले दिसतात. खिसा मात्र तेथे नसलेल्या शेतकऱ्याचा असतो. मजूर आणि छोटा ऊस उत्पादक यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी ही रचना आहे. ऊस तोडण्यासाठी शेतकऱ्याकडून वेगळे पैसे मागितले जातात, ही तक्रार दर हंगामात होते. तिचीही मुळे येथेच शोधावी लागतात. तोडणी यंत्राला टनामागे मजुरापेक्षा जास्त दर मिळतो, मग माणसालाच कमी का, हा संघटनांचा प्रश्नही याच हिशेबातला.

कायदा आणि वास्तव

मध्यस्थाने मजुरीतून आपला वाटा कापावा का, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट उत्तर दिले. दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचे ते प्रकरण. मजुरांना दिवसाला ९ रुपये २५ पैसे मिळायचे होते. ठेकेदार ते जमादारांच्या हाती देत आणि जमादार माणशी एक रुपया कमिशन कापून ८ रुपये २५ पैसे देत. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ खालील वेठबिगारीच आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जाच्या बदल्यात बांधून ठेवलेले श्रम बेकायदा ठरवले होते. उचल घेणे गुन्हा नाही. उचल फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणे हा गुन्हा आहे. हा फरक टोळीतील प्रत्येकाला माहीत असायला हवा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहितेनुसार एका वेतनकाळातील एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. ऊसतोडीत मात्र उचल फिटेपर्यंत सारी मजुरी वळती करून घेण्याचा रिवाज आहे. दुसरीकडे, कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंत्राटदारांसाठी आहेत. दहा-बारा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस-चोवीस माणसे. छोटा मुकादम या चौकटीबाहेरच राहतो.

यावर महाराष्ट्राकडे स्वतःचे एक उत्तर पूर्वीपासून आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मुंबईच्या गोद्या आणि बाजारांतील हमालांसाठी मंडळ उभे राहिले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचे ते फळ. त्याआधी हमालांचे काम टोळीवाल्यांमार्फत चाले. मंडळात मालक आणि कामगार दोघांची नोंद झाली, मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला पैसे द्यायचे, अशी रीत बसली. पैसा मध्यस्थाच्या हातातून जाणे थांबले, की मध्यस्थाची सत्ता संपते, हा त्याचा धडा. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकॅम्ब उपसागरात शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडून मरण पावले. त्यांना कामाला लावणारा टोळीप्रमुख होता. त्याच वर्षी तेथे अशा टोळीप्रमुखांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. ऊसतोड मजुरांसाठी आपल्याकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णयही झाला. मात्र कल्याणाचा निधी वेगळा आणि मजुरी देण्याची यंत्रणा वेगळी. दुसरीचे काम पहिलीने होत नाही.

शहरातील वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. सोसायटीच्या दारातील सुरक्षारक्षक असो, की एजन्सीच्या पगारपत्रकावर राहून संगणक कंपनीत काम करणारा अभियंता, त्याच्याही कामाचे दोन दर असतात. कंपनी एजन्सीला देते तो एक आणि एजन्सी त्याला देते तो दुसरा. दोन्ही ठाऊक असलेला माणूस सौदा करू शकतो. एकच ठाऊक असलेला फक्त होकार किंवा नकार देऊ शकतो.

उचल घेण्यापूर्वी

मजुरांमध्ये काम करणारे आणि जुने मजूर ज्या गोष्टींवर भर देतात, त्या अशा :

१. उचल आणि दर यांची बोलणी वेगवेगळी करावीत. कोणत्या कारखान्यावर, कोणत्या सेंटरला आणि किती दराने, हे आधी, रक्कम नंतर.

२. एकट्याने बोलू नये. एका गावचे पाच-सहा कोयते एकत्र बसले, तर मुकादमाला टोळी मोडण्याची भीती असते. एकट्या कोयत्याला बदली मिळते, अर्ध्या टोळीला सहसा मिळत नाही.

३. घरची गरज भागेल आणि ९० दिवसांत फिटेल एवढीच उचल घ्यावी. १२० दिवसांचा हिशेब धरून घेतलेली उचल छोट्या हंगामात अंगावर येते.

४. खाडा, व्याज, परतीचे भाडे आणि वाढे या चार बाबी कागदावर घ्याव्यात. दोन्ही बाजूंनी सही केलेली साधी वहीही वाद झाल्यास उपयोगी पडते. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नये.

५. प्रत्येक खेपेच्या वजनपावतीचा आकडा त्याच दिवशी वहीत उतरवावा. मोबाइलवर तिचे छायाचित्र घेता आले तर उत्तम. मजुरीचा हिशेब वजनावर असतो आणि वजन मजुराच्या नजरेआड, कारखान्याच्या काट्यावर होते.

६. जाण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र मागावे. वहीत आणि नोंदीत बायकोचेही नाव असावे. अर्धे काम तिचे असते.

७. हिशेब कारखान्यावर, गाव सोडण्यासाठी गाडीत बसण्यापूर्वी पुरा करावा. गावी परतल्यावर, अखजीनंतर होणारा हिशेब पुढच्या उचलीत मिसळून जातो.

हे सारे सल्ले व्यवहाराचे आहेत आणि ते पाळणे दरवेळी मजुराच्या हाती नसते. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, तो वही मागण्यापूर्वी पैसे घेतो. म्हणून बदल वरूनच व्हायला हवा. करार हंगामाआधी, उचल वाटली जाण्यापूर्वी, म्हणजे जूनपर्यंत झाला तर मजूर निदान दर पाहून उचल ठरवू शकेल. मुकादमाचे कमिशन कारखान्याने वेगळे आणि मजुराची मजुरी थेट त्याच्या खात्यात दिली, तर मुकादम काम मिळवून देणारा माणूस राहील, सावकार राहणार नाही. खाड्याच्या दंडाला करारानेच मनाई केली, तर त्यासाठी कारखान्याला एक रुपयाही जास्त मोजावा लागणार नाही.

टनामागे किती रुपये वाढले, ही दर तीन वर्षांनी येणारी बातमी आहे. त्यांपैकी किती रुपये कोयत्याच्या घरी पोहोचले, हे हंगाम संपल्यावर मोजले जाईल, तेव्हाच त्या वाढीला मजुरी म्हणता येईल.